झुरिकमध्ये शाकाहारी माणसाने जेवायचं कसं: वजनाच्या ताटापासून रोश्टीपर्यंत

गिनीजच्या नोंदीप्रमाणे जगातलं सर्वांत जुनं, अखंड चालू असलेलं शाकाहारी रेस्टॉरंट झुरिकमध्ये आहे. नाव हिल्टल, साल 1898. माटुंग्याला रामा नायकांचं उडिपी बोर्डिंग 1942 मध्ये सुरू झालं, त्याच्याही 44 वर्षं आधीचं. तरीही आपल्याकडची बरीच मंडळी झुरिकमध्ये पाऊल ठेवतात ती 'तिथे आपल्याला खायला काय मिळणार' असं म्हणत, आणि पहिल्याच संध्याकाळी स्टेशनजवळ तिखट कमी केलेलं पनीर मखनी खाऊन हॉटेलवर परततात.

या शहरात शाकाहार आपल्या पाहुण्यांसाठी आलेला नाही. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीतून आला. त्यामुळे तो भरपूर आहे आणि चांगलाही आहे, पण त्याचे नियम आपले नाहीत. तिथल्या शाकाहारात अंडं बसतं, वाइन बसते, आणि वासराच्या जठरातल्या रेनेटने घट्ट केलेलं चीजही बहुतेकांना खटकत नाही. हे एकदा समजून घेतलं की बाकी सगळं सोपं आहे.

आधी घरीच ठरवा, आपलं काय चालतं

हे काम विमानात बसण्याआधीचं. कुटुंबात चारजण असतील तर चारही जणांना विचारा. अंडं केकमध्ये चालतं का? चीज चालतं, पण रेनेटचं? वाइन घालून शिजवलेला पदार्थ? कांदा-लसूण? आपण 'प्युअर व्हेज' म्हणतो तेव्हा या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यात आली असं आपल्याला वाटतं. तिथल्या वेटरला त्यातलं एकही उत्तर ऐकू येत नाही. त्याला फक्त 'मांस-मासे नको' एवढंच कळतं.

यावर एक सोपा तोडगा आहे. अंडं आणि रेनेट दोन्ही नको असतील तर स्वतःला व्हीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारे, म्हणवून घ्या आणि दूध-दह्याची परवानगी वेगळी द्या. 'व्हीगन, पण दूध, दही आणि लोणी चालेल' हे वाक्य तिथल्या स्वयंपाकघरात लगेच समजतं. 'व्हेजिटेरियन, पण अंडं नको' म्हटलं की कधी कधी समोरचा गोंधळतो. इंग्रजी झुरिकमध्ये जवळजवळ सगळीकडे चालतं, म्हणून जर्मन पाठ करत बसू नका. ऐकायला आणि पाटीवर ओळखायला मात्र थोडे शब्द उपयोगी पडतात: 'फ्लाइश' म्हणजे मांस, 'फिश' म्हणजे मासा, 'आय' म्हणजे अंडं, 'श्पेक' म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, 'शिन्कन' म्हणजे हॅम, 'श्माल्त्स' म्हणजे चरबी, 'लाब' म्हणजे रेनेट, आणि 'ओने' म्हणजे शिवाय. 'ओने श्पेक' एवढं म्हटलं तरी निम्मं काम होतं.

पाट्या वाचायला शिका

भारतातला हिरवा ठिपका डोक्यातून काढून टाका. हिरव्या ठिपक्यात अंडं नसतं, याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की स्विस पाकिटावरचं व्ही-लेबल दिसलं की आपण निर्धास्त होतो. पिवळ्या वर्तुळात हिरव्या पानाचं व्ही असं हे चिन्ह. त्याचे दोन प्रकार आहेत, शाकाहारी आणि व्हीगन, आणि कुठला ते खाली लिहिलेलं असतं. शाकाहारी प्रकारात मांस, जिलेटिन आणि प्राण्यांचं रेनेट नसतं, ही जमेची बाजू. पण अंडं असू शकतं. अंडं नको असेल तर चिन्हाखालची ओळ वाचल्याशिवाय पाकीट टोपलीत टाकू नका.

दुसरा धागा ॲलर्जीच्या यादीचा. युरोपीय संघाप्रमाणेच स्वित्झर्लंडमध्येही 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे. या 14 मध्ये अंडं, दूध, मासे, कवचधारी प्राणी आणि शिंपले-कालवं येतात. म्हणजे अंड्याची खात्री करायची असेल तर ही यादी तुमच्या बाजूने आहे: 'यात अंडं आहे का' असं विचारलं की कर्मचाऱ्याला उत्तर शोधावंच लागतं. पण चरबी, जिलेटिन, रेनेट, मांसाचं पाणी हे त्या यादीत नाही. कांदा-लसूणही नाही. सूपच्या बाबतीत हे जास्त नडतं. भाज्यांचं सूप गोमांसाच्या बुइयाँवर, म्हणजे मांस उकळलेल्या पाण्यावर, केलेलं असू शकतं आणि यादीत त्याचा मागमूसही नसेल. साध्या स्विस खानावळीत सूप मागवताना हा प्रश्न तोंडी विचाराच.

हिल्टल: पूर्ण शाकाहारी स्वयंपाकघर

मुख्य स्टेशनातून बाहेर पडून बानहोफश्ट्रासेने तळ्याच्या दिशेने चालायला लागलं की उजवीकडे वळून झिलश्ट्रासे गाठता येते. तिथे 28 क्रमांकाला हिल्टल. रमतगमत गेलात तरी दहाएक मिनिटं. ट्राम हवी असेल तर 'रेनवेग' थांब्यावर उतरा. टूर कंपनीच्या बसने आलेल्यांनाही हे जमण्यासारखं आहे. बानहोफश्ट्रासेवर 'मोकळा वेळ' मिळतो तेव्हा सगळे घड्याळांच्या काचांना नाक लावून उभे असतात. तेवढ्यात इथे जेवून परत येता येतं.

याचा इतिहास ताटाइतकाच रंजक आहे. 1898 मध्ये ही जागा मांस आणि दारू दोन्ही नसलेलं 'शाकाहारी निवास आणि कॅफे' म्हणून सुरू झाली, आणि सुरुवातीला फारशी चालत नव्हती. बव्हेरियातून आलेल्या आंब्रोसिउस हिल्टल या शिंप्याला संधिवाताने गाठलं होतं, हात चालेनात. डॉक्टरांनी मांस बंद करायला सांगितलं. तो इथे जेवायला येऊ लागला, बरा झाला, आणि 1903 च्या सुमारास त्याने ही जागाच चालवायला घेतली. गावकरी या जागेला कंदमुळांचं तळघर म्हणून हिणवायचे आणि तिथे जाणाऱ्यांना गवतखाऊ. आज चौथी पिढी गल्ल्यावर आहे आणि दुपारी बारा वाजता टेबल मिळणं कठीण होतं.

आपल्यासाठी महत्त्वाचं पान 1950 च्या दशकातलं. घरच्या सूनबाई मार्गरित हिल्टल जागतिक शाकाहार परिषदेसाठी भारतात आल्या, इथल्या जेवणाने भारावून गेल्या, आणि परत जाऊन त्यांनी भारतीय पदार्थ करायला घेतले. तिथल्या स्वयंपाक्यांना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. आज बुफेवर दिसणारी डाळ, समोसे आणि पनीर हे त्यांचे वंशज. म्हणून इथली डाळ चाखताना ती 'ऑथेंटिक' आहे का हा प्रश्न बाजूला ठेवा. तिला स्वतःची स्विस वंशावळ आहे.

आता जेवायचं कसं ते. तीन मार्ग आहेत.

पहिला, बसून मेन्यूवरून मागवणं. यात इथला प्रसिद्ध 'झ्युरी गेश्नेत्सेल्तेस' नक्की घ्या. मूळ पदार्थ वासराच्या मांसाच्या पातळ कापांचा, साय, मशरूम आणि पांढऱ्या वाइनच्या सॉसमधला, आणि सोबत बटाट्याची रोश्टी. झुरिकचा हा अभिमानाचा पदार्थ हिल्टलमध्ये मांसाशिवाय मिळतो. वाइन चालत नसेल तर आधी विचारा.

दुसरा, ठरावीक रक्कम देऊन बुफेवर हवं तितकं खाणं. भूक जबरदस्त असेल, बरोबर कॉलेजातला मुलगा असेल, तर हा परवडतो. इतरांनी यात पडू नये.

तिसरा मार्ग वजनाचा, आणि माझ्या मते शहाण्या माणसाचा. ताट घ्या, हवं ते वाढून घ्या, काट्यावर ठेवा, ताटाचं वजन वजा करून पैसे लागतात. दर 100 ग्रॅमला पाच फ्रँकच्या आसपास धरून चाला. एक फ्रँक म्हणजे शंभराच्या वर रुपये, हे लक्षात ठेवून वाढून घ्या. पोट भरेल असं ताट 400 ते 500 ग्रॅमचं होतं, म्हणजे वीस-पंचवीस फ्रँक. झुरिकच्या मानाने हे रास्त आहे. त्या पैशांत साध्या रेस्टॉरंटमध्ये जेमतेम एक पास्ता येतो.

इथे बुद्धी वापरायची ती जडपणाशी. भात, उकडलेले बटाटे, कलिंगड, काकडी आणि पातळ आमटी यांत पाण्याचं वजन असतं, आणि त्या पाण्याचे तुम्ही शंभर ग्रॅममागे पाचशे रुपये मोजता. म्हणून भात चमचाभरच घ्या. भाजलेली वांगी, तळलेली फलाफलं, पनीर, सुके मेवे घातलेली सॅलड, कडधान्यांच्या कोशिंबिरी, अशा गोष्टींना जागा द्या. पहिली फेरी घासाघासाची करा: बुफे शंभराहून अधिक पदार्थांचा आहे, आणि निम्मे तुम्ही आयुष्यात पाहिलेले नसतात. आवडलं ते दुसऱ्या फेरीत. परत रांगेत उभं राहायला कोणी मनाई करत नाही. लाज मात्र आपल्याला आपलीच वाटते, पहिल्याच ताटात डोंगर रचून.

बांधून नेलं तर स्वस्त पडतं, आणि त्याला कारण करात आहे. 2024 पासून स्वित्झर्लंडमध्ये बसून खाल्ल्यास 8.1 टक्के कर लागतो, नेलेल्या खाण्यावर 2.6 टक्के. गल्ल्यावर 'इथे की घेऊन' असं विचारतात ते म्हणूनच. उन्हाळ्यात डबा घेऊन तळ्याकाठी जाऊन बसावं. बाकांना काही पैसे पडत नाहीत.

वेळेचं एक सांगतो. स्विस लोक दुपारी साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत जेवतात, आणि बऱ्याच रेस्टॉरंटांचं स्वयंपाकघर मधल्या वेळेत बंद असतं. आपण अडीचला भुकेलेले असतो. हिल्टलचा बुफे त्या मधल्या वेळेतही चालू असतो, आणि तीनच्या सुमाराला तिथे निवांत बसायला मिळतं.

शेजारीच त्यांनी 2013 मध्ये मांस नसलेल्या मांसाचं दुकान काढलं.  कुतूहल असेल तर ते चालू आहे का पाहून डोकावा, नसेल तर काही अडत नाही.

टिबिट्स: तेच, पण घाई असेल तेव्हा

ऑपेरा हाउसमागे, तळ्याजवळ, सेफेल्ड भागात. 2000 साली तीन भावांनी हिल्टल कुटुंबाच्या साथीने सुरू केलं. इथेही वजनाचा बुफे, थोडा लहान आणि कमी औपचारिक. शहर फिरताना तळ्याच्या बाजूला असाल तर हे, स्टेशनच्या बाजूला असाल तर हिल्टल. दोन्हींची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. 'ऑपर्नहाउस' थांब्यावर ट्राम क्रमांक 2 किंवा 4 ने उतरा.

खिसा हलका असेल तर

'सेंट्रल' थांब्यावरून लाल रंगाची छोटी पॉलिबान गाडी चढण चढून ईटीएच विद्यापीठाच्या गच्चीवर नेते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या भोजनालयात बाहेरच्यांनाही जेवता येतं. विद्यार्थ्यांपेक्षा दर जास्त लावतात, तरी रेस्टॉरंटपेक्षा बराच कमी, आणि रोज किमान एक शाकाहारी ताट असतं. बारा ते एकची गर्दी टाळा. शनिवार-रविवार आणि सुट्यांच्या महिन्यांत तिथे जाण्याचा बेत करू नका. गच्चीवरून दिसणारं जुनं शहर आणि मागचे डोंगर मात्र केव्हाही बघता येतात.

मिग्रो आणि कोप ही दोन मोठी दुकानं तुमची खरी मित्र. दोघांचे व्हीगन पदार्थांचे स्वतःचे ब्रँड आहेत. मिग्रोच्या स्वयंसेवा रेस्टॉरंटांमध्ये गरम भाज्या ताटात घेता येतात. मिग्रोच्या दुकानांत दारू विकत नाहीत, 2022 मध्ये सभासदांनी मतदान करून ही पद्धत कायम ठेवली. सासू-सासऱ्यांना घेऊन खरेदीला जाणाऱ्यांना हे बरं पडतं.

पाण्यावर पैसे घालवू नका. शहरात 1200 हून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्यायोग्य आहे. बाटली भरून घ्या. रेस्टॉरंटमध्ये नळाचं पाणीही कधी कधी पैसे लावून देतात. टिप मात्र सक्तीची नाही. सेवाशुल्क 1974 पासून दरातच धरलेलं आहे. बिल पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत केलं की पुरे.

स्विस पदार्थ चाखताना

इतक्या लांब येऊन फक्त डाळ खाऊन परतणं म्हणजे वाया. स्थानिक पदार्थांत आपल्याजोगे बरेच आहेत, अटींसकट.

रोश्टी म्हणजे बटाट्याचा कीस लोण्यात खरपूस भाजलेला. चव ओळखीची वाटेल, साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या घरात तर नक्कीच. विचारायचं एवढंच: श्पेक घातलाय का, आणि लोणी वापरलंय की चरबी. वर अंडं फोडून द्यायचीही पद्धत आहे, तेव्हा तेही आधी सांगा. एल्प्लरमाग्रोनेन हा डोंगरातल्या गुराख्यांचा पदार्थ: मॅकरोनी, बटाटा, साय, चीज, वर तळलेला कांदा, आणि बाजूला सफरचंदाचा गोड गर. ऐकून विचित्र वाटतं, पण तो गर सोडू नका, चीजचा जडपणा त्यानेच तुटतो. श्पेकचा प्रश्न इथेही विचारायचा. श्पेत्सली या पिठाच्या छोट्या नूडल्समध्ये अंडं असतंच.

फाँड्यू, म्हणजे ब्रेड बुडवून खायचं वितळलेलं चीज. जुन्या शहरात निडरडॉर्फच्या आसपास चीजवाली रेस्टॉरंटं आहेत, ॲडलर हॉटेलातलं 'स्विस खुखी' त्यांतलं एक. फाँड्यूत पांढरी वाइन आणि बहुधा किर्श ही चेरीची दारू असते. शिवाय ग्र्युयेअर आणि एमेंटालर ही चीजं पारंपरिक पद्धतीने वासराच्या रेनेटवरच बनतात. निघण्याआधी घरी तुम्ही जे ठरवलंत त्याची खरी परीक्षा इथे होते. चालत असेल तर मनसोक्त खा, नसेल तर त्या खोलीच्या वासातच बसायला जाऊ नका, तो कपड्यांतून दोन दिवस जात नाही.

सकाळी बिर्शरम्युस्ली खा. हाही इथलाच. मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर या झुरिकच्या डॉक्टरांनी 1900 च्या सुमाराला रुग्णांसाठी तो सुरू केला, आणि 1904 मध्ये झुरिकबेर्गच्या टेकडीवर मोठं आरोग्यधाम काढलं. त्यांच्या मूळ कृतीत किसलेलं सफरचंद मुख्य, ओट्स चमचाभर. त्यात लिंबू, घट्ट दूध आणि वाटलेला सुकामेवा. आज बाजारात मिळतो तो ओट्स-दह्याचा जाड लगदा. तरी पाराडेप्लात्सवरच्या श्प्र्युंगली या मिठाईच्या दुकानातला चांगला असतो. तिथेच मिळणाऱ्या रंगीत लुक्सेम्बुर्गरलींकडे, म्हणजे छोट्या मॅकरूनांकडे, सगळे ओढले जातात, पण त्यांत अंड्याचा पांढरा बलक असतो.

शरद ऋतूपासून हिवाळ्यात रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटांच्या टपऱ्या लागतात, त्यांना मारोनी म्हणतात. कागदी पुडीत गरम गरम. व्हीगन, बिनकटकटीचे, आणि उपवासाला चालतात का हे ज्याने त्याने घरी विचारावं.

देशी जेवणाची आठवण आली तर

पंजाबी थाटाच्या रेस्टॉरंटांपेक्षा श्रीलंकन तमिळांच्या छोट्या दुकानांकडे वळा. 1980 च्या दशकापासून निर्वासित म्हणून आलेल्या तमिळांची स्वित्झर्लंडमध्ये मोठी वस्ती आहे, आणि झुरिकमध्ये लांगश्ट्रासेच्या परिसरात त्यांची किराणा दुकानं सापडतात. कढीपत्ता, नारळ, तांदळाचं पीठ, पापड, मुरुक्कू मिळतं. स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटमध्ये उतरलेल्यांना तर हे वरदान. पण श्रीलंकन पदार्थांत एक खाचखळगा आहे: सांबोल म्हणजे त्यांची चटणी, आणि तिच्यात बहुतेक वेळा मालदीवची वाळवलेली मासोळी कुटून घातलेली असते. गुंडाळलेल्या 'रोल'मध्ये मटण किंवा मासा. वडा आणि चटणी दोन्ही विचारून घ्या.

एक संध्याकाळ चैनीची

वीडिकॉन भागातलं 'क्ले' हे रेस्टॉरंट पूर्ण व्हीगन आहे आणि 2022 मध्ये त्याला मिशेलिन तारा मिळाला. शेफ झिनेब हत्ताब मूळच्या अभियंता, मोरोक्कन कुटुंबातल्या, स्पेनमध्ये वाढलेल्या. ठरावीक पदार्थांचा मेन्यू असतो, प्रत्येकी शंभर फ्रँकच्या वर धरा आणि टेबल बरंच आधी राखून ठेवा. आपल्याला रेनेट, अंडं, श्पेक यांपैकी काहीही न विचारता सलग जेवता येतं, याच सुखाचे ते पैसे आहेत. आईवडिलांना न्यायचं असेल तर मात्र त्यांना आधी सांगा की ताटं लहान येतील.

एक स्वतंत्र सावधगिरी. 'प्लांटेड' ही ईटीएचमधून 2019 मध्ये निघालेली कंपनी वाटाण्याच्या प्रथिनांपासून कोंबडीसारखा पदार्थ बनवते, आणि तो अनेक मेन्यूंवर दिसतो. त्याला 'चिकन' म्हणावं का यावरून न्यायालयीन वाद झाला, आणि 2025 मध्ये संघराज्य न्यायालयाने प्राण्यांची नावं वापरायला नकार दिला. त्यामुळे जुन्या मेन्यूकार्डावर एक नाव, नव्यावर दुसरं असू शकतं. प्लांटेड हा शब्द शोधा आणि वेटरकडून खात्री करून घ्या.

रविवार आणि निघायचा दिवस

रविवारी शहरातली बहुतेक दुकानं बंद. उघडी असतात ती मुख्यतः मुख्य स्टेशनाखालच्या बाजारातली आणि विमानतळावरची. रविवारी पोहोचणार असाल तर दूध, दही, ब्रेड, फळं स्टेशनातूनच घेऊन हॉटेलवर जा.

परतताना चॉकलेट घेणारच. दुकानात शिरण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या: आत दारू भरलेली चॉकलेटं वेगळ्या फळीवर असतात पण वेष्टन सारखंच दिसतं, आणि जेलीसारख्या गराच्या मिठाईत जिलेटिन असू शकतं. चीज नेणार असाल तर मऊ चीज आणि तयार फाँड्यूचं पाकीट हातसामानात ठेवू नका. सुरक्षा तपासणीत ते द्रव म्हणून अडवलं जाऊ शकतं. घट्ट चीजची वडी चालते, आणि व्ही-लेबलवाली हवी असेल तर ती विमानतळापेक्षा आदल्या दिवशी मिग्रोमधून घ्या.